सेगेडच्या प्रयोगशाळेत आकसलेला धागा

दुसरे महायुद्ध युरोप जाळीत असताना हंगेरीतील सेगेड विद्यापीठात सशाच्या स्नायूंवर संशोधन सुरू होते. बाहेरच्या शास्त्रजगताशी संपर्क जवळजवळ तुटला होता. प्रयोगशाळेचे प्रमुख आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७चे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. सेगेडच्या प्रसिद्ध मिरचीतून ‘क’ जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळे काढणारा शास्त्रज्ञ म्हणूनच जग त्यांना ओळखते. त्यांचे अधिक मूलगामी कार्य मात्र स्नायूंविषयीचे म्हणावे लागेल.

त्यांचा जन्म १८९३चा, बुडापेस्टचा. पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना रक्तपाताचा उबग येऊन त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली, ती शत्रूची असल्याचे सांगितले आणि घरी परतून वैद्यकीची पदवी पुरी केली.

मायोसिन हे स्नायूतील प्रथिन एटीपी या पेशींच्या इंधनाचे विघटन करते, असे १९३९मध्ये मॉस्कोच्या एंगेलहार्ट व ल्युबिमोवा या दांपत्याने दाखवले. सेगेडमध्ये तो धागा पुढे नेला गेला. बारीक केलेला स्नायू क्षारद्रावणात वीस मिनिटे ठेवला, तर पातळ अर्क मिळे. रात्रभर राहिला, तर तो दाट होई. हा फरक इलोना बांगा यांच्या कामातून पुढे आला. दाट अर्कात एटीपी मिसळताच तो पातळ होई. दाटपणा आणणारे दुसरे प्रथिन ब्रुनो स्ट्राउब यांनी १९४२च्या सुमारास वेगळे केले, ते अ‍ॅक्टिन. श्रेयाच्या वाटणीत ही दोन नावे बहुधा मागे पडतात, हे न्याय्य नव्हे.

या दोन प्रथिनांच्या मिश्रणाचे बारीक धागे काढून त्यांवर उकळलेल्या स्नायूचा रस घातला, तेव्हा ते डोळ्यांदेखत आकसले. शरीराबाहेर, निर्जीव काचपात्रात, सजीवाची हालचाल! सेंट-ग्यॉर्गींना आयुष्यातील सर्वांत रोमांचकारी क्षण हाच वाटे.

१९४३मध्ये दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी करण्यासाठी ते इस्तंबूलला गेले. बातमी फुटली, गेस्टापो मागे लागली आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले. युद्धानंतर, १९४७मध्ये, ते अमेरिकेत वुड्स होल येथे स्थायिक झाले.

हीच जोडी स्नायूंपुरती मर्यादित नाही, हे पुढे इतरांनी दाखवले. पेशी दुभंगताना तिच्या मध्याभोवती या प्रथिनांचे कडे पिशवीची नाडी ओढावी तसे आवळते. गर्भातील ऊतींचे सपाट थर याच ताणाने दुमडतात, जखमेच्या कडा जवळ येतात. हृदयाच्या एका आनुवंशिक विकारात ही ओढ प्रमाणाबाहेर वाढते. ती सैल करणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०२२मध्ये मान्यता मिळाली.

पत्नी आणि कन्या दोघींनाही कर्करोगाने हिरावून नेले. उत्तरायुष्य सेंट-ग्यॉर्गींनी याच रोगाच्या शोधात घालवले, पण उत्तर ते रेणूंमधील इलेक्ट्रॉनांच्या वर्तनात धुंडाळत राहिले आणि ठोस असे काही हाती आले नाही. कर्कपेशी ऊतींतून वाट काढत पसरतात, तेव्हा त्यांना पुढे सरकवण्यात अ‍ॅक्टिन-मायोसिनच्या आकसण्याचाही मोठा हात असतो, हे आज ठाऊक आहे. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी वुड्स होल येथेच त्यांचे निधन झाले.