दुष्काळात बायको-लेकरू गेलं, दिवाळं निघालं. तरी तुकोबांनी कर्जखतं नदीत सोडली

पाटोदा : १९७२ चा दुष्काळ पाहिलेली म्हातारी माणसं आपल्याकडं अजून आहेत. खडी फोडून, सुकडी खाऊन त्या सालात लोकांनी दिवस काढले. त्याच्या सुमारे साडेतीनशे वर्षं आधी, १६३० च्या आसपास दख्खनमध्ये पडलेल्या दुष्काळात ना खडीचं काम होतं ना सुकडी. त्या दुष्काळानं देहूतलं एक खातंपितं घर मोडलं. घराचा कर्ता होता तुकाराम बोल्होबा आंबिले, म्हणजे आपले तुकोबा.

तुकोबांचा जन्म १६०८ चा धरतात. घरी शेती, दुकान, गावची महाजनकी आणि सावकारीसुद्धा. थोरले भाऊ सावजी विरक्त, म्हणून प्रपंचाचं ओझं पोरवयातच तुकोबांवर आलं. पुढं आई-वडील गेले. भावजय वारली, सावजी तीर्थाला निघून गेले. यातून सावरत नाहीत तोवर पावसानं दगा दिला. गुरं गेली, दुकान बसलं, चारचौघांतली पत गेली. थोरली बायको रखमाई आधीच दम्यानं खंगलेली, ती भुकेनं गेली. पाठोपाठ मुलगा संतू गेला. तुकोबा तेव्हा जेमतेम विशी-बाविशीतले.

ते उठून डोंगरात जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधत गेला आणि त्यांना खाली घेऊन आला. घरी आल्यावर तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खतं बाहेर काढली. वसुली झाली असती तर घर पुन्हा उभं राहिलं असतं. पण देणेकरी तरी कोण? त्याच दुष्काळानं नागवलेली माणसं. भूक काय असते ते तुकोबांनी आता घरातच पाहिलं होतं. त्यांनी निम्मी खतं कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. कान्होबानं आपला वाटा ठेवला म्हणून त्याला नावं ठेवायचं कारण नाही, त्यालाही संसार होता.

मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ तुकोबांनी नीट केलं. भंडारा डोंगरावर जाऊन आधीच्या संतांची वचनं पाठ केली, मग स्वतःचे अभंग सुचू लागले. धाकटी बायको जिजाई तिखट जिभेची म्हणून कीर्तनात हशा पिकतो. पण भर उन्हात भाकरी घेऊन तो डोंगर चढायची तीच.

दिवाळं निघालं, दुष्काळ पडला ते बरंच झालं, असं तुकोबा एका अभंगात म्हणतात. ऐकून धक्का बसतो. पण हे त्यांनी दुसऱ्याच्या दुःखाबद्दल म्हटलेलं नाही, स्वतःच्याच घराबद्दल म्हटलंय. दुसऱ्याचं दुःख दिसलं की ते कळवळत.

त्रास तरीही संपला नाही. शूद्रानं वेदांचा अर्थ सांगू नये म्हणून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. तुकोबा तेरा दिवस काठावर उपाशी बसले. वह्या कोरड्या वर आल्या, असं वारकरी परंपरा सांगते. विरोध करणारे रामेश्वर भट्टच पुढं त्यांचे शिष्य झाले. चाकणचे संताजी जगनाडे अभंग लिहून ठेवत. आज गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत.

१६५० च्या फाल्गुनात, बीजेच्या दिवशी तुकोबा गेले. जिजाई तेव्हा गरोदर होती. नंतर जन्मलेल्या नारायण महाराजांनी १६८५ साली बापाच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि पंढरीची वाट धरली.