संत जुझे वाझ आणि पहाऱ्यातला नाताळ

गोमंतकाचे सुपुत्र संत जुझे वाझ यांच्या आयुष्यातील एक नाताळ घंटानादाविना, बंद दारांआड आणि सैनिकांच्या धाकात आला. साल होते १६८९ आणि ठिकाण डचांच्या ताब्यातील जाफना.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला. मूळ घर सांकवाळचे. विजापूर आणि गोवळकोंडा, म्हणजे आजच्या हैदराबादचा परिसर, येथील धर्मकार्य सांभाळणारे गोमंतकीय बिशप कुस्तोदियु दि पिन्यु यांनी त्यांना डीकनपदाची दीक्षा दिली. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले.

श्रीलंकेतील कॅथलिकांची अवस्था त्यांच्या कानी आली होती. १६५८ मध्ये जाफन्याचा किल्ला पोर्तुगिजांकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने जिंकला. डचही ख्रिस्तीच, पण कॅल्विनपंथी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलले, चर्चवास्तू ताब्यात घेतल्या आणि उपासनेवर बंदी घातली. धर्मगुरूला आसरा देणाऱ्यालाही कठोर शासन होते. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेशात, जुवांव या सेवकासह बेटावर उतरले. गळ्यात जपमाळ घालून त्यांनी दारोदार भिक्षा मागितली. माळ पाहून ज्यांचे डोळे उजळले, ती घरे आपली, हे त्यांनी ओळखले. सिल्लालै या गावाने त्यांना दडवून ठेवले. मिस्सा रात्री आणि घरोघरी होऊ लागली.

१६८९ च्या नाताळच्या पूर्वरात्री श्रद्धाळू अशाच काही घरांत जमले असता डच सैनिकांनी धाड घातली. मूर्ती फोडल्या. सुमारे ३०० जणांना कैद केले. वाझ मात्र त्यांच्या हाती लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाने स्त्रियांना सोडले आणि पुरुषांना दंड ठोठावला. कॅल्विनपंथ सोडून नुकतेच कॅथलिक झालेल्या आठ जणांना मात्र क्षमा नव्हती. त्यांपैकी एकाचा मारहाणीत अंत झाला. उरलेल्या सात जणांच्या नशिबी जन्मभराची सक्तमजुरी आली.

ज्यांनी ही किंमत मोजली, त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. वाझ यांच्या थोरवीत त्यांचाही वाटा आहे. धर्मगुरू एकटा सण साजरा करू शकत नाही. कोणीतरी दार उघडावे लागते आणि त्या रात्री दार उघडणे म्हणजे तुरुंगवास ओढवून घेणे होते.

पुढे वाझ कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात गेले. तेथे प्रथम पोर्तुगीज हेर समजून त्यांना बंदिवान करण्यात आले. नंतर त्याच राजाने त्यांना अभय दिले. १६९७ च्या देवीच्या साथीत त्यांनी धर्मभेद न करता रुग्णांची शुश्रूषा केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत ते निवर्तले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे, लाखोंच्या साक्षीने आणि भर दिवसा, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या पुण्यतिथीला सांकवाळ येथे आजही फेस्त होते.