उतारावरचा धडा

माझे बाबा तोफखान्यात चालक आहेत. मागे तोफ जोडून घाट उतरताना ते आधीच खालचा गिअर टाकतात आणि एक्झॉस्ट ब्रेक लावतात. म्हणूनच मला क्लेसी कमिन्स जवळचे वाटतात.

क्लेसींचा जन्म १८८८ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. शिक्षण आठवीपर्यंतच. ते एका बँकमालकाची मोटार चालवत. त्याच्याच भांडवलावर १९१९ मध्ये त्यांनी इंजिनांचा कारखाना काढला.

१९३१ मध्ये डिझेलची ताकद दाखवायला ते ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले. कॅलिफोर्नियात काहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक तापून निकामी झाले. खाली रुळांवरून मालगाडी जात होती. तिच्या शेवटच्या डब्याची धडक थोडक्यात चुकली.

ती भीती ते विसरले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी इंजिनालाच ब्रेक बनवले. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा ऐन वेळी बाहेर सोडली की इंजिन गाडीला रोखते. १९६१ मध्ये हा ब्रेक बाजारात आला. १९६८ मध्ये क्लेसी वारले.

बाबांचा ब्रेक धुराची वाट अडवतो, क्लेसींचा हवा सोडतो. हेतू एकच, चाकांचे ब्रेक थंड राहावेत. बाबा खाली पोहोचल्याचा फोन येईपर्यंत आई जागी असते. फोन आला की मी मनातल्या मनात क्लेसींना सलाम करतो.