डॉ. व्हर्जिनिया अपगार

लेक किंवा सून बाळंतीण होऊन इस्पितळातून घरी आली की तिच्याबरोबर कागदांची एक पिशवीही येते. त्या कागदांत बाळाच्या वजनाजवळ बहुधा ‘अपगार’ असा शब्द आणि त्यापुढे आठ, नऊ असे आकडे असतात. हे एखाद्या तपासणीच्या यंत्राचे नाव असावे, असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. ते एका बाईंचे आडनाव आहे.

व्हर्जिनिया अपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वेस्टफील्ड या गावी झाला. वडील विमाव्यवसायात होते. पण त्यांचा सारा जीव दुर्बिणीत आणि बिनतारी यंत्रांत. थोरला भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा नेहमीचा आजारी. अशा घरात ही धाकटी मुलगी वाढली. कॉलेजात असताना पैशांसाठी तिने मिळेल ते काम केले. त्यांत प्रयोगशाळेसाठी भटकी मांजरे पकडून आणण्याचेही एक काम होते! १९३३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या, वर्गात चौथ्या आल्या आणि डोक्यावर कर्ज घेऊन बाहेर पडल्या.

त्यांना शल्यविशारद व्हायचे होते. त्या उमेदवारीच्या काळातील एक हकीकत त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे सांगितली आहे. शस्त्रक्रियेनंतर एक रोगी दगावला. आपल्या हातून एखादी बारीक रक्तवाहिनी चिमट्यात आली असेल काय, ही शंका व्हर्जिनियाबाईंना स्वस्थ बसू देईना. शवविच्छेदनास परवानगी नव्हती. तेव्हा त्या गुपचूप शवागारात गेल्या, जखमेचे टाके उसवून पाहिले, आणि शंका खरी निघाली. त्यांनी लगेच जाऊन वरिष्ठांना ते सांगून टाकले. शवागारात तशा रीतीने शिरणे रीतीला धरून होते असे नव्हे. पण जे कोणालाही कळले नसते, ते आपण होऊन सांगायला केवढी छाती लागते!

वरिष्ठ डॉ. व्हिपल यांनी मात्र त्यांना शस्त्रक्रियेचा नाद सोडून भूल देण्याचे शास्त्र शिकायला सांगितले. स्त्री शल्यविशारदांचा जम बसत नाही, असा त्यांचा अनुभव होता. बाई त्या शास्त्रात शिरल्या. १९३८ मध्ये कोलंबियाच्या इस्पितळात त्या भूल विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९४९ मध्ये तेथील वैद्यक महाविद्यालयातल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. विभागाचे स्वतंत्र खाते झाले, तेव्हा त्याची सूत्रे मात्र एका पुरुष सहकाऱ्याकडे गेली. बाई प्रसूतिगृहाकडे वळल्या. मनाला लागले असेल की नसेल, कोण जाणे. बाळांचे मात्र नशीब उघडले.

त्या काळी बाळंतिणीच्या खोलीत सर्वांचे डोळे आईकडे असत. निळे पडलेले, लुळे, न रडणारे मूल पुष्कळदा काही खटपट न करताच गेले म्हणून सोडून दिले जाई. मूल बरे की वाईट, हे ज्याच्या त्याच्या नजरेवर अवलंबून. १९४९ सालीच एके सकाळी इस्पितळाच्या उपाहारगृहात एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की नवजात बाळाची पारख करायची तरी कशी? बाईंनी हाताशी आलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, चाळवल्यावर बाळ तोंड वाकडे करते किंवा रडते काय, आणि अंगाचा रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. जन्मानंतर घड्याळ पाहून एका मिनिटाने हे गुण द्यायचे. १९५३ साली हा लेख छापून आला. पुढे पाचव्या मिनिटालाही गुण देण्याची पद्धत पडली.

एवढीशी ती गोष्ट! पण गुण लिहायचा म्हटल्यावर कोणाला तरी त्या मिनिटाला बाळाकडे पाहावेच लागे. बाईंचा आणखी एक कटाक्ष असे. ज्याने बाळंतपण केले त्याने गुण देऊ नयेत. आपल्या हातच्या कामाला माणूस सढळपणे गुण देतो. रंगाची खूण त्यांना स्वतःलाच फारशी समाधानकारक वाटत नसे. पहिल्या मिनिटाला बहुतेक बाळांचे हातपाय निळसर असतात, म्हणून पुरे दहा गुण क्वचितच मिळतात. तेव्हा शेजारणीच्या नातवाला नऊ आणि आपल्याला आठ म्हणून खंत करू नये. हे शाळेचे गुण नव्हेत; त्यांवरून मुलाची बुद्धी कळत नाही. बाळाला श्वास घेण्यास मदत हवी असेल, तर ती मिनिट संपण्याची वाट न पाहता द्यायची असते.

गुणांची टिपणे साचू लागली तसे त्यांतून आणखी काही दिसू लागले. डॉ. होलाडे आणि डॉ. जेम्स या सहकाऱ्यांबरोबर बाईंनी बाळांच्या रक्तातील प्राणवायू व आम्लता मोजली. आईला सायक्लोप्रोपेन या वायूची भूल दिली असेल, तर बाळ मंद निपजते असे आढळले. हे प्रसिद्ध झाल्यावर बाळंतपणात त्या वायूचा वापर ओसरला. आपल्याच शास्त्रातील औषधाविरुद्ध हा पुरावा एका भूलतज्ज्ञ बाईने पुढे आणला, हे मला फार मोलाचे वाटते.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि १९५९ पासून जन्मजात व्यंगांविरुद्धच्या कार्याला लागल्या. गर्भवतीला जर्मन गोवर होऊ नये म्हणून लस टोचण्याचा त्यांनी हिरिरीने प्रचार केला.

लग्न त्यांनी केले नाही. व्हायोलिन वाजवीत, वाद्ये स्वतः घडवीत. इस्पितळातील टेलिफोनच्या खोक्यातली फळी उत्तम मेपल लाकडाची आहे असे कळताच, मैत्रिणीबरोबर रात्री जाऊन त्यांनी ती पळवली, जागी दुसरी बसवली आणि त्या लाकडाची वाद्याला पाठ केली! पर्समध्ये चाकू आणि श्वासनळीत घालायची नळी नेहमी असे. वाटेत कोणाचा श्वास अडला तर हाताशी असावी म्हणून. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, ज्या इस्पितळात उमेदवारी केली तेथेच त्यांचे देहावसान झाले. तिकिटे जमवण्याचा त्यांना मोठा छंद होता. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्याच चित्राचे तिकीट काढले.