दारावरून घरी आलेला सर्जन

१७५६ साली लंडनजवळ पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडला आणि पायाचं हाड कातडीबाहेर आलं. त्याने कुणाला हात लावू दिला नाही. तिथेच एक दार विकत घेतलं, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावर आडवं पडून घरी आला. पाय कापायची तयारी झाली होती, तेवढ्यात त्याचे गुरू एडवर्ड नोर्स पोचले आणि पाय वाचला. अंथरुणात पडल्या पडल्या गड्याने हर्नियावर ग्रंथ लिहिला!

जन्म १७१४ चा. वडील लवकर गेले. नोर्सकडे उमेदवारी केली आणि पुढे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात सर्जन झाला. धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी त्यानेच जोडला, १७७५ मध्ये.

मित्रमैत्रिणींनो, मी कॉम्प्युटरवाली या माणसाकडे वळले ती भाच्यामुळे. अकरा महिन्यांचं पोर बसेना, लंगोट बदलताना पाय उचलले की किंचाळे. दात येत असतील, असं सगळे म्हणत राहिले. तीन आठवड्यांनी एमआरआयमध्ये मणक्यातला पू दिसला. मज्जारज्जू दाबला जात होता, म्हणून ऑपरेशन करून पू काढला, तपासायला पाठवला आणि क्षयाची औषधं सुरू झाली. फाइलवर आजाराचं नाव होतं पॉट्स स्पाइन.

१७७९ मध्ये पॉटने यावर लिहिलं. कुबड आलेल्या मुलांचे पाय लुळे पडतात, म्हणून वैद्य पट्टे आणि लोखंडी सांगाडे बांधायचे. पॉटने मृतदेह उघडून पाहिले तर मणक्याचं हाडच कुजलेलं. म्हणजे कुबड हा नुसता परिणाम. (एरर एकीकडे, बग भलतीकडे, हे आमच्या धंद्यात रोजचं.) हे पाय सैल नसून ताठर असतात, एकमेकांत अडकतात, हेही त्याने टिपलं. उपाय म्हणून तो कुबडाच्या दोन्ही बाजूंना जखम करून पू वाहता ठेवायचा. क्षयाचा जंतू कॉखला सापडला १८८२ मध्ये, त्यामुळे पॉटला कारण कळणं शक्यच नव्हतं. बाळांत तर आजार बरा झाल्यावरही वाढीबरोबर कुबड वाढू शकतं, म्हणून वाढ थांबेपर्यंत तपासणी चालू ठेवावी लागते.

डिसेंबर १७८८ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कडाक्याच्या थंडीत तो लांबच्या एका पेशंटला पाहायला गेला. त्या थंडीनेच आजारी पडला आणि काही दिवसांत वारला.