जॉन शँक आणि वर उचलता येणारी फळी

भोपाळच्या मोठ्या तलावावर तुम्ही शिडाच्या लहान नावा पाहिल्या असतील. अशी नाव वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तिच्या तळाखाली पाण्यात एक उभी फळी लागते. पण फळी खोल असली की उथळ पाण्यात नाव अडकते. या पेचाला एका माणसाने आपले अर्धे आयुष्य दिले, त्यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

जॉन शँक यांचा जन्म 1740 च्या सुमारास स्कॉटलंडमधील फाइफ प्रांतात झाला. आधी व्यापारी जहाज, मग ब्रिटिश नौदल. डोके सदैव यंत्रांत. त्यांनी दोऱ्या व कप्प्यांचा असा पलंग बनविला होता, की त्यावर पडलेला माणूस स्वतःच स्वतःला वर-खाली करी!

1774 मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे त्यांनी लॉर्ड पर्सी यांच्यासाठी एक नाव बांधली. तिची फळी तळातील खोबणीतून वर ओढून घेता येई. दोन वर्षांनी युद्धात शॅम्प्लेन सरोवरासाठी जहाज हवे होते, पण वाटेत नदीला धबधब्यासारखे उतार. तेव्हा इन्फ्लेक्सिबल नावाचे जहाज सुटे करून पलीकडे नेण्यात आले आणि शँक यांच्या देखरेखीखाली 28 दिवसांत पुन्हा उभे राहिले.

त्यांच्या बेताचे सर्वांत प्रसिद्ध जहाज म्हणजे 1798 चे लेडी नेल्सन. अवघे 60 टनांचे, उचलता येणाऱ्या तीन फळ्यांचे. लोक त्याला थट्टेने चकमकीची डबी म्हणत. तेच जहाज 1800 मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पोहोचले, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे बास सामुद्रधुनी पार करणारे पहिले ठरले.

परंतु 1802 मध्ये फ्लिंडर्स यांच्या मोहिमेत ते वारंवार तळाला लागले. मधली फळी गेली, मागचीही तुटली, वाऱ्याविरुद्ध चालेना. फ्लिंडर्स यांनी ते सिडनीला परत पाठविले. कारण समजण्यासारखे आहे. शँक यांची फळी सरळ वर-खाली सरके. माणसाने वेळेवर ओढली तर ठीक, नाहीतर धक्का बसला की ती मोडे.

पुढे फळी एका खिळीवर फिरती झाली. आज लहान नावांच्या सुकाणूचे पातेही पुष्कळदा तसेच असते. तळाला लागले की मागे उसळते, मग दोरीने पुन्हा खाली आणतात. मात्र ही दोरी पक्की गाठ मारून बांधली तर पाते सुटणार नाही. सैल ठेवली तर वेगात ते वर येते आणि दांडा हाताला जड लागतो. आमच्या मते खरी परीक्षा येथेच आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी नाव करणाऱ्या मुलांनी हे बादलीत करून पाहावे.

शँक अॅडमिरल झाले आणि 1823 मध्ये इंग्लंडमधील डॉलिश येथे वारले. दक्षिण ऑस्ट्रेलियात एक विझलेला ज्वालामुखी आहे. लेडी नेल्सनचे कप्तान ग्रँट यांनी तो समुद्रावरून पाहिला आणि त्याला माउंट शँक हे नाव दिले.