शिक्षा की उपचार? अ‍ॅलन ट्युरिंग यांच्यावर लादलेली निवड

आज हातोहाती मोबाईल आहे. त्यामागचं मूळ गणित मांडणाऱ्यांत अ‍ॅलन ट्युरिंग यांचं नाव अग्रभागी येतं. वडील मद्रास प्रांतात आयसीएस अधिकारी, आईचे वडील मद्रास रेल्वेत चीफ इंजिनिअर. ट्युरिंग मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये जन्मले. आईवडील बराच काळ भारतात आणि मुलं इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी, असं त्यांचं बालपण गेलं.

१९३६ मध्ये त्यांनी नियमांनुसार कुठलीही आकडेमोड करणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क इथं जर्मन नौदलाचे ‘एनिग्मा’ संदेश उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण ते काम गुप्त होतं. लोकांना त्याचा पत्ताच नव्हता.

जानेवारी १९५२ मध्ये मँचेस्टरजवळच्या त्यांच्या घरी चोरी झाली. तक्रार द्यायला गेलेले ट्युरिंग स्वतःच आरोपी झाले. चौकशीत पुरुषाशी असलेले संबंध त्यांनी लपवले नाहीत आणि १८८५ च्या कायद्यानं तो गुन्हा होता.

कोर्टानं दोन वाटा ठेवल्या: तुरुंग, नाहीतर वर्षभर हार्मोनचा उपचार. त्यांनी उपचार स्वीकारला. तुरुंगापेक्षा ही दयाच, असं त्या काळी अनेकांना वाटे. औषधानं छातीची वाढ झाली, नपुंसकत्व आलं. मन काही बदललं नाही. सरकारी गुप्त कामाचे दरवाजेही बंद झाले.

खरा प्रश्न इथंच आहे. समोर तुरुंग दिसत असताना दिलेल्या होकाराला संमती म्हणायचं का? आणि जो आजारच नाही, त्यावर डॉक्टरांनी औषध द्यायचंच कशाला?

७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, सायनाइडनं त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या ठरली. आईला मात्र तो अपघातच वाटत राहिला. ब्रिटिश सरकारनं २००९ मध्ये माफी मागितली, २०१३ मध्ये राणीनं शिक्षा माफ केली आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र आलं.

योगायोग असा, की ७ जून २०२१ रोजीच मद्रास उच्च न्यायालयानं लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या उपचारांना मनाई केली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असा उपचार म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं कळवलं. नियम आता स्पष्ट आहे. पण ‘पोराला एकदा दाखवून आणू’ म्हणत दवाखान्याची पायरी चढणाऱ्या आईवडिलांपर्यंत तो पोहोचायला हवा.